एन-टू नंतरची तयारी : मराठी वर्गात जपानी शिकवणारा शिक्षक कसा घडतो

पुण्यात जपानी शिकणारे भरपूर आणि शिकवणारे कमी, ही स्थिती जुनीच आहे. विद्यापीठाचे वर्ग, खाजगी क्लास, कंपन्यांच्या आवारात चालणाऱ्या बॅचेस, या सगळ्यांना शिक्षक हवे असतात. मग जपानीच्या जेएलपीटी परीक्षेची (एन-फाइव्ह सगळ्यात सोपी, एन-वन सगळ्यात कठीण) नुकतीच एन-थ्री किंवा एन-टू पातळी पास झालेली मुलगी किंवा मुलगा शोधला जातो, हातात पुस्तक दिलं जातं आणि सोमवारपासून पहिला लेसन सुरू करायला सांगितलं जातं. २०१७ मध्ये भारत आणि जपान यांच्यात करार झाला, त्यात भारतातल्या शंभर उच्च शिक्षण संस्थांमध्ये जपानीचे अभ्यासक्रम सुरू करायचे आणि एक हजार शिक्षक तयार करायचे असं ठरलं. २०१८ मध्ये दिल्लीत जपानीच्या शिक्षकांसाठी प्रशिक्षण केंद्रही उभं राहिलं. तरी आपल्याकडच्या गल्लीबोळातल्या क्लासमध्ये नव्या शिक्षकाची तयारी त्या-त्या क्लासमधल्या जुन्या सेन्सेइंनाच, म्हणजे शिक्षकांनाच, करून घ्यावी लागते. ते काम आम्ही करतो. ते कसं चालतं, कुठे अडतं आणि मराठी शिक्षकाच्या हाती कोणता ऐवज आहे, हे इथे सविस्तर मांडत आहोत.

सुरुवात गुणपत्रिकेपासून. सर्टिफिकेट बघून शिक्षक निवडू नये, गुणपत्रिका मागून घ्यावी. एन-टूला एकूण १८० गुण असतात आणि ९० ला पास. भाषाज्ञान, वाचन आणि श्रवण असे ६०-६० गुणांचे तीन भाग, प्रत्येकात किमान १९ हवेत. म्हणजे श्रवणात ६० पैकी १९ मिळवून, बाकी दोन भागांत ३६ आणि ३५ मिळवले तरी माणूस एन-टू पास. शिवाय या परीक्षेत बोलण्याची चाचणीच नाही आणि लिहायचंही काही नाही, सगळे पर्याय निवडायचे. एक वाक्य न बोलता वरच्या पातळीची परीक्षा पास होता येते. अशी व्यक्ती हुशार असते, कष्टाळू असते, पण वर्गात विद्यार्थ्यानं अनपेक्षित वाक्य टाकलं की तिला ते ऐकूच येत नाही. म्हणून श्रवणात चाळीसच्या खाली गुण असतील तर आम्ही आधी कानाची तयारी करायला सांगतो, आणि निवडीच्या वेळी दहा मिनिटं साध्या विषयावर जपानीत गप्पा मारतो. एन-टूची कठीण रूपं आली नाहीत तरी चालतं. एन-फोरची रूपं न अडखळता, योग्य विभक्तीसह यायला हवीत, कारण पहिली दोन वर्षं तिला तेच शिकवायचं असतं.

निवड झाली की पहिल्याच सत्रात या भावी शिक्षकांना विद्यार्थी करतो. कुणालाच न येणाऱ्या भाषेचा, म्हणजे कधी कोरियन, कधी इंडोनेशियन भाषेचा, अर्ध्या तासाचा शून्यापासूनचा पाठ घेतो. मराठी, हिंदी, इंग्रजी काहीही वापरायचं नाही. फक्त चित्रं, वस्तू, हातवारे. सात-आठ शब्द आणि दोन वाक्यं एवढाच मजकूर, तरी मधेच घाम फुटतो. शिक्षक भराभर पुढे गेला की काय होतं, एकच वाक्य दोन वेळा वेगळ्या शब्दांत सांगितलं की डोकं कसं बंद पडतं, नाव घेऊन अचानक विचारलं की आठवत असलेलंही कसं निसटतं, हे व्याख्यान देऊन कळत नाही. पाठ संपल्यावर लगेच प्रत्येकानं लिहायचं: कोणत्या क्षणी कळलं, कोणत्या क्षणी धागा सुटला आणि त्याआधी शिक्षकानं नेमकं काय केलं होतं. हा कागद पुढे लेसन प्लॅन करताना समोर ठेवायचा.

त्यानंतर उच्चार. इथे मराठी शिक्षकाला देवनागरीचा फायदा आहे आणि तिथेच मोठा खड्डाही आहे. फायदा असा की जपानीतला 'त्सु' इंग्रजीतून शिकवताना जीभ वळत नाही, मराठी माणसाला तो आयता येतो. 'चूल' मधला च आणि 'चिमणी' मधला च वेगळा आहे हे आपल्याला माहीत असतं. पहिल्यात 'त्सु' आहे, दुसऱ्यात 'चि'. तसाच 'जुना' मधला ज म्हणजे 'झु' आणि 'जून' महिन्यातला ज म्हणजे 'जु'. जोडाक्षरासारखा मधला ठोसाही, पक्का-कच्चा म्हणणाऱ्यांना, अवघड नाही.

खड्डा आहे तो स्वरांच्या लांबीत. देवनागरीत 'बा' लिहिला की तो दीर्घच. जपानीत मात्र आ, ए, ओ हे तिन्ही ऱ्हस्वही असतात आणि दीर्घही, आणि त्यावर अर्थ बदलतो. 'ओबासान' म्हणजे काकू-मावशीच्या वयाची बाई आणि 'ओबाआसान' म्हणजे आजी. 'कोको' म्हणजे इथे आणि 'कोओकोओ' म्हणजे माध्यमिक शाळेच्या वरची शाळा. आपल्याकडे ऱ्हस्व आ, ऱ्हस्व ओ लिहायला चिन्हच नाही, त्यामुळे वहीत देवनागरीत उच्चार लिहिणारा विद्यार्थी दोन्ही सारखेच लिहितो आणि सारखेच म्हणतो. वर शब्दाच्या शेवटचा इ-उ दीर्घ करायची मराठीची सवय. 'हाशी', 'सुशी', 'युकी' यांचा शेवट आपण ओढतो. यावर एकच उपाय टिकतो: ठोके. प्रत्येक शब्द टाळी वाजवून म्हणायचा, 'युकी' दोन टाळ्या (बर्फ), 'युउकी' तीन टाळ्या (धैर्य). अनुनासिकालाही पूर्ण टाळी द्यायची, नाहीतर 'किन्-एन' (धूम्रपानबंदी) आणि 'किनेन' (स्मरण) यांत फरकच राहत नाही. पहिला पंधरवडा संपला की फळ्यावर देवनागरी लिहायची नाही, हा नियम आम्ही शिक्षकांसाठी कडक ठेवला आहे. हिरागाना-काताकाना या जपानीच्या दोन अक्षरमाला, प्रत्येकी ४६ अक्षरं, तेवढ्या काळात ती बसतात. काताकानात 'शि' आणि 'त्सु' यांचा गोंधळ मात्र वर्षभर पुरतो, कारण दोन्हींत दोन छोट्या रेघा आणि एक लांब रेघ. 'शि' मध्ये छोट्या रेघांची डावी बाजू एका ओळीत येते आणि लांब रेघ खालून वर जाते, 'त्सु' मध्ये त्यांची वरची टोकं एका ओळीत येतात आणि लांब रेघ वरून खाली उतरते. अक्षर दाखवून हे कळत नाही, हात फिरवून दाखवावा लागतो. म्हणून नव्या शिक्षकानं वर्गाकडे तोंड करून हवेत उलटं लिहायचा सराव घरी आरशासमोर करावा.

चिनी शिकवणाऱ्या मित्रमंडळींसाठी एक गोष्ट जाता जाता. रोमन लिपीत लिहिलेल्या चिनी उच्चारात जिथे इंग्रजीतला 'बी' दिसतो तिथे खरा उच्चार आपल्या 'प' चा आहे आणि जिथे 'पी' दिसतो तिथे ओठ मिटून केलेल्या, श्वास सोडलेल्या 'फ' चा. त-थ, क-ख यांचंही तसंच. हा भेद मराठी कानाला जन्मापासून ठाऊक आहे, तरी वर्गात रोमन अक्षरं बघून ब, ड, ग शिकवले जातात. सुरांवर मेहनत करावी लागते हे खरं, पण व्यंजनांवरची मेहनत तरी वाचवता येईल.

आता व्याकरण. आमचा सगळ्यात मोठा आग्रह इथे आहे. पुण्यातल्या बहुतेक वर्गांत जपानी व्याकरण इंग्रजीतून समजावलं जातं, कारण पुस्तकाबरोबरची टिपणं इंग्रजीत असतात. शिक्षकही तसाच शिकलेला असतो. त्यामुळे मराठी मुलाला जे सहज दिसलं असतं ते दोन वळणं घेऊन पोचतं. म्हणून शिक्षकांना आम्ही एक काम देतो: 'मिन्ना नो निहोंगो' या पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या दोन भागांतल्या पन्नास लेसनांमधलं प्रत्येक वाक्यरूप घ्यायचं, त्याच्यासमोर घरात बोलतो तसं मराठी वाक्य लिहायचं आणि तीनपैकी एक खूण करायची. मराठी जुळतं, मराठी अर्धं जुळतं, मराठी फसवतं.

जुळणारी यादी बघून शिक्षकच चकित होतात. वाक्याच्या शेवटी क्रियापद, नामानंतर शब्दयोगी, हे तर आहेच. 'मला दोन भाऊ आहेत', 'मला ताप आहे', 'मला जपानी समजतं', 'मला आंबा आवडतो', 'मला पाणी हवंय' या पाचही वाक्यांची चौकट जपानीत तीच आहे: ज्याच्याबद्दल बोलायचं त्याला 'वा', आणि आवडणाऱ्या-समजणाऱ्या-हव्या असलेल्या गोष्टीला 'गा'. इंग्रजीतून शिकलेला मुलगा आंब्याला कर्म समजून 'ओ' लावतो आणि मग महिनोन्महिने ती चूक निघत नाही. 'मित्राला भेटलो' मधला 'ला' जपानीतही 'नि' च आहे. इंग्रजीतून आलात तर तिथेही 'ओ' लागतो. 'बसने जातो', 'पेनाने लिहितो' मधला 'ने' म्हणजे 'दे'. बाविसाव्या लेसनमधली 'काल घेतलेलं पुस्तक', 'आईनं केलेला लाडू' ही रचना इंग्रजीतून शिकवायला तास जातो. मराठीत तीन उदाहरणं दिली की वर्ग स्वतःच वाक्यं करायला लागतो. पडणे-पाडणे, तुटणे-तोडणे, फुटणे-फोडणे या जोड्या ज्याच्या तोंडी आहेत त्याला 'ओचिरु-ओतोसु', 'वारेरु-वारु' या जोड्यांमागचा विचार वेगळा सांगावा लागत नाही. 'करून बघ', 'करून ठेव', 'खाऊन टाकलं' यांना 'ते मिरु', 'ते ओकु', 'ते शिमाउ' इतके जवळचे आहेत की चाळिसाव्या, तिसाव्या आणि एकोणतिसाव्या लेसनची निम्मी तयारी मराठीतच झालेली आहे. घरातून निघताना जपानी माणूस म्हणतो 'इत्ते किमास', आपण म्हणतो 'जाऊन येतो'.

अर्ध्या जुळणाऱ्या जागी शिक्षकानं थांबायचं. मराठीचा 'त' दोन ठिकाणी फुटतो. 'पुण्यात राहतो' ला 'नि' आणि 'पुण्यात काम करतो' ला 'दे'. असणं-राहणं तिथे 'नि', काही घडणं-करणं तिथे 'दे', एवढं सांगून बहुतेक शिक्षक पुढे जातात. मग विद्यार्थी विचारतो, 'पुण्यात कार्यक्रम आहे' चं काय? इथे 'आहे' असूनही 'दे' लागतो, कारण कार्यक्रम घडतो. हे वाक्य प्लॅनमध्ये आधीच लिहून ठेवलेलं असलं पाहिजे. देण्याचंही तसंच. मराठीत एक 'देणे', जपानीत घेणारा आपल्या बाजूचा नसेल तर 'आगेरु', असेल तर 'कुरेरु'. पुस्तकात 'आगेरु' सातव्या लेसनमध्ये येतो आणि 'कुरेरु' थेट चोविसाव्यात, त्यामुळे मधल्या काळात 'मित्रानं मला दिलं' याला मुलं 'आगेरु' वापरून घट्ट करून टाकतात. सातव्या लेसनमध्ये 'मला' हा शब्द घेणारा म्हणून येईल असं एकही वाक्य शिक्षकानं स्वतः तयार करू नये, 'मोराउ' वापरून 'मला मित्राकडून मिळालं' असंच म्हणायला लावावं.

आणि फसवणाऱ्या जागा. 'ते इरु' शिकवताना 'करतोय' एवढंच सांगितलं की 'केक्कोन शिते इमास' चा अर्थ मुलं 'लग्न करतोय' असा घेतात, खरा अर्थ 'लग्न झालेलं आहे'. 'गारासु गा वारेते इमास' म्हणजे काच फुटलेली आहे. मराठीत 'फुटतेय' आणि 'फुटलेली आहे' वेगळं, जपानीत रूप एकच. हाक मारली की आपण 'आलो, आलो' म्हणतो, फोनवर 'उद्या तुमच्या ऑफिसला येतो' म्हणतो. जपानीत दोन्ही ठिकाणी 'इकिमास', म्हणजे जातो. इथे 'किमास' म्हटलं तर समोरच्याला बोलणाराच ठिकाण चुकला असं वाटतं.

सगळ्यात महाग पडणारी चूक आदरार्थाची. मराठीत वडील मोठे, म्हणून घरातही 'बाबा आले' आणि पाहुण्यांसमोरही 'आमचे बाबा आले आहेत'. आदर त्या व्यक्तीला चिकटलेला. जपानीत बाहेरच्या माणसासमोर स्वतःच्या घरातल्या, स्वतःच्या कंपनीतल्या माणसाचा आदर उतरवायचा असतो. दुसऱ्या कंपनीच्या फोनवर आपल्या साहेबांबद्दल 'तानाका-सान इराश्शाइमासेन' (तानाकासाहेब नाहीयेत, आदरानं) म्हणणं चूक, 'तानाका वा ओरिमासेन' (तानाका नाही, नम्रपणे) बरोबर. आपल्या मुलाला हे नियम म्हणून पाठ असतं, तरी साहेबांचं नाव 'सान' शिवाय घ्यायला तोंड उघडत नाही, कारण मराठी संस्कार आड येतो. म्हणून नियम सांगून पुरत नाही. कंपनीच्या बॅचमध्ये हा पाठ घेणाऱ्या शिक्षकाकडून आम्ही फोनचे संवाद खुर्च्या पाठमोऱ्या लावून घेतो, आणि फोन कुणाचा आहे, घरचा की बाहेरचा, हे चिठ्ठीवर ऐन वेळी देतो. निर्णय तिथल्या तिथे घ्यायची सवय लागली तरच ऑफिसात निभावतं.

मिश्र वर्गात मराठी चालत नाही, असा आक्षेप नेहमी येतो. हिंदीभाषकांना यातलं बरंचसं तसंच लागू पडतं. कन्नड, तमिळ, मल्याळम बोलणाऱ्यांच्या भाषेतही क्रियापद शेवटीच येतं. त्यांना 'तुमच्या भाषेत हे कसं म्हणता?' एवढं विचारायचं आणि त्यांनाच जुळवू द्यायचं. आणि मराठी वापरायची म्हणजे प्रत्येक जपानी वाक्याचं भाषांतर करत बसायचं नाही. रूप समजावताना दोन-तीन वाक्यं, बाकी वर्ग जपानीत.

तयारीतला जड भाग म्हणजे क्योआन, म्हणजे लेसन प्लॅन. आमच्या कागदावर चार रकाने असतात: वेळ, शिक्षक काय बोलणार, विद्यार्थ्याकडून काय अपेक्षित, आणि फळा-चित्रं. पहिले दहा प्लॅन शब्दशः लिहायचे. 'नमस्कार करून उजळणी घेणे' असं चालत नाही, तोंडून निघणारं प्रत्येक वाक्य लिहायचं. मग लाल पेन घेऊन आपल्या वाक्यांतले असे शब्द अधोरेखित करायचे जे विद्यार्थ्यांनी आजवर शिकलेले नाहीत. पहिल्या प्लॅनमध्ये पान लाल होतं. सातव्या लेसनच्या वर्गात शिक्षक पंचविसाव्या लेसनची 'तारा' वाली, म्हणजे जर-तरची, वाक्यं सहज बोलून जातो आणि विद्यार्थी मान हलवत राहतात. शिकलेल्या शब्दांतच बोलता येणं हे एन-वन पास होण्यापेक्षा अवघड कौशल्य आहे असं आमचं स्पष्ट मत आहे.

पन्नास मिनिटांच्या तासाची आमची वाटणी अशी: पाच उजळणी, दहा दोन्यू म्हणजे नव्या रूपाची ओळख, पंधरा रेन्श्यू म्हणजे घोटवून घेणं, पंधरा प्रत्यक्ष वापर, शेवटची पाच मिनिटं गृहपाठ आणि प्रश्न. नवे शिक्षक दोन्यू पंचवीस मिनिटं ओढतात, कारण समजावून सांगणं त्यांना शिकवणं वाटतं. मग वापराचा भाग गळतो आणि मुलं 'कळलं' म्हणून घरी जातात, बोलता काही येत नाही.

चौदाव्या लेसनमधलं 'ते' रूप (क्रियापदाचं 'करून', 'कर' अशा अर्थी येणारं रूप) घ्या, कारण जपानी सोडून देणारे बरेच जण इथेच सोडतात. क्रियापदांचे तीन गट असतात. नवा शिक्षक पहिल्या गटापासून सुरू करतो, कारण त्याचं नावच पहिला. तो गट सगळ्यात गुंतागुंतीचा आहे. आम्ही दुसऱ्यापासून सुरू करायला लावतो: 'ताबेमास' मधलं 'मास' काढा, 'ते' लावा, 'ताबेते'. मग तिसरा गट, 'शिमास' चं 'शिते', 'किमास' चं 'किते'. वर्गाला जमतंय असं वाटू लागलं की पहिला गट, तोही तुकड्यातुकड्यानं. 'मास' च्या आधी इ, चि, रि असेल तर 'त्ते': काइमास-कात्ते, माचिमास-मात्ते, किरिमास-कित्ते. मि, बि, नि असेल तर 'न्दे': योमिमास-योन्दे, आसोबिमास-आसोन्दे. कि असेल तर 'इते', गि असेल तर 'इदे': काकिमास-काइते, इसोगिमास-इसोइदे. शि तसाच राहतो: हानाशिमास-हानाशिते. आणि 'इकिमास' एकटा नियम मोडून 'इत्ते' होतो. हा अपवाद 'कि' च्या दिवशीच सांगायचा, दुसऱ्या दिवशी सांगितला तर 'इइते' बसलेलं असतं.

खरी पडझड दुसऱ्या गटातल्या त्या क्रियापदांत होते जी पहिल्या गटातली वाटतात. 'ओकिमास' (उठणे) दुसऱ्या गटातलं, म्हणून 'ओकिते'. मुलं 'कि' बघून 'ओइते' म्हणतात, आणि 'ओइते' म्हणजे ठेव. 'कारिमास' (उसनं घेणे) चं 'कारिते' व्हायला हवं, ते 'कात्ते' करतात, आणि 'कात्ते' म्हणजे विकत घे. ओकिमास, कारिमास, मिमास, आबिमास, ओरिमास अशी ही मोजकी क्रियापदं वेगळ्या रंगाच्या कार्डांवर लिहून रोज पहिल्या पाच मिनिटांत फिरवायची. दुसरी अडचण कानाची. 'किते' (ये), 'किइते' (ऐक), 'कित्ते' (काप). पहिल्याला दोन टाळ्या, बाकी दोन्हींना तीन, 'कित्ते' ची मधली टाळी मुक्यानं. 'पत्ते' म्हणतो तसं घाईनं म्हटलं तर जपानी कानाला ते 'किते' च ऐकू येतं. 'अंगात घाल' चंही 'किते' च, पण त्यात सूर खालून वर जातो आणि 'ये' मध्ये वरून खाली येतो. हे एन-फाइव्हच्या मुलांकडून घोटून घेऊ नये, शिक्षकाच्या तोंडी मात्र बरोबर असावं.

कार्डं धरायचीही पद्धत आहे. छातीच्या उंचीवर, अक्षरावर बोट न येता, पुढचं कार्ड मागून काढून समोर आणायचं, म्हणजे आपल्याला पुढचं आधी दिसतं. प्रश्न आधी विचारायचा, दोन सेकंद थांबायचं, मग नाव घ्यायचं. नाव आधी घेतलं की बाकी वर्ग सुटला. वर्गानं एकत्र म्हटलेलं बरोबर आलं म्हणजे आलं असं धरायचं नाही, सामूहिक आवाजात निम्मे नुसते ओठ हलवतात.

यानंतर मोगी-ज्युग्यो, म्हणजे आपसातला सरावाचा तास, पंधरा मिनिटांचा. यात मोठी अडचण अशी की समोर बसलेले सगळे एन-टूवाले, त्यांना उत्तरं येतात, शिक्षकाचा तास सुरळीत जातो आणि कुणीच काही शिकत नाही. म्हणून प्रत्येकाला भूमिकेची चिठ्ठी देतो. एकानं विभक्ती गाळायच्या, एकानं प्रत्येक शब्दाचा शेवट ओढायचा, एकानं विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, एकानं दर रूपाला 'का?' विचारायचं. आता शिक्षकाची कसोटी लागते. चुका कुठे पकडायच्या हे इथेच शिकायचं: घोटवून घेताना प्रत्येक चूक तिथल्या तिथे, वापराच्या वेळी मात्र अर्थ पोचत असेल तर मध्ये बोलायचं नाही, टिपून ठेवून शेवटी फळ्यावर. 'चूक' असं म्हणायचं नाही, वाक्य चुकीच्या जागेपर्यंत म्हणून थांबायचं, विद्यार्थी बहुधा स्वतःच दुरुस्त करतो. नाही केलं तर बरोबर रूप द्यायचं आणि त्याच्याकडून पूर्ण वाक्य परत घ्यायचं. नवा शिक्षक हे शेवटचं विसरतो.

तासानंतरच्या चर्चेत आधी शिकवणारा बोलतो, मग विद्यार्थी झालेले, मग निरीक्षक. 'छान झालं', 'थोडं वेगात होतं' अशी विशेषणं बंद. अमुक मिनिटाला अमुक वाक्य बोललात, त्यानंतर तीन जणांनी चुकीचं रूप म्हटलं, अशी नोंद वाचून दाखवायची. माणूस दुखावत नाही आणि दुरुस्ती लगेच दिसते.

जपानमध्ये जाऊन शिकवायचं असेल तर वाट वेगळी. तिथे एप्रिल २०२४ पासून नोंदणीकृत जपानी शिक्षकाची राष्ट्रीय पात्रता लागू झाली आहे: मूलभूत आणि उपयोजित अशा दोन भागांची परीक्षा, त्यानंतर प्रत्यक्ष अध्यापनाचं प्रशिक्षण. परीक्षा जपानीतच असते, त्यामुळे एन-वनच्या पलीकडचं वाचन हवं. आपल्याकडच्या क्लासमध्ये ही पात्रता कुणी मागत नाही, पण त्या परीक्षेचा अभ्यासक्रम, म्हणजे ध्वनिशास्त्र, भाषा शिकण्याची प्रक्रिया, अध्यापनपद्धती, चाळून ठेवण्यासारखा आहे.

पहिली बॅच शक्यतो एकट्याला देऊ नये. पहिले काही तास जुन्या शिक्षकाच्या मागच्या बाकावर, मग फक्त उजळणीची पाच मिनिटं, मग घोटवून घेण्याची पंधरा, मग पूर्ण तास. फोनवर तासाचं रेकॉर्डिंग करायचं, वर्गाला सांगून. ऐकताना एकच गोष्ट मोजायची: आपण किती बोललो आणि ते किती बोलले. नव्या शिक्षकाचा आवाज तीन चतुर्थांश तास भरतो. वापराच्या पंधरा मिनिटांत तरी विद्यार्थ्यांचे आवाज जास्त ऐकू यायला हवेत. नाही आले तर दोष बहुतेक वेळा सूचनेत सापडतो: तीन वाक्यांत सांगितलेली कृती कुणाला कळलेली नसते. ती सूचना एका वाक्यात लिहून, एक नमुना स्वतः करून दाखवायचा, आणि तोच बदल प्लॅनच्या कागदावर लाल शाईत करून पुढच्या बॅचसाठी ठेवायचा.